दुधाची पारख आणि औषधाचा अंश

अहिल्यानगर जिल्ह्यात दुधाच्या पगारावर असंख्य घरांचा प्रपंच चालतो. गायीच्या दुधात स्निग्धांश ३.२ टक्के व स्निग्धेतर घनपदार्थ ८.३ टक्के असावेत, असे प्रमाण आहे. परंतु या मोजमापात प्रतिजैविकाचा अंश दिसत नाही. त्यासाठी निराळी चाचणी लागते.

कासदाह झाल्यावर सडात सोडलेले पेनिसिलिन काही दिवस दुधात उतरते. उकळल्यानेही ते पूर्णपणे नष्ट होत नाही. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही. पेनिसिलिन न सोसणाऱ्यास ते अपायकारक ठरू शकते. शीतकरण टाकीत असे दूध मिसळले, तर शेजाऱ्यांचे चांगले दूधही वाया जाते.

औषधाचा वर्ज्यकाल शास्त्रीय रीतीने ठरलेला नसेल, तर दुधासाठी तो किमान ७ दिवसांचा धरावा, असा २०१२ चा नियम आहे. दोन गायींच्या धन्यास हा तोटा जड जातो. म्हणून कास व गोठा स्वच्छ राखून रोगच टाळणे हिताचे. तरीही उपचार करावे लागल्यास गायीच्या पायाला खुणेची दोरी बांधावी, तारीख वहीत टिपावी आणि तिची धार शेवटी, वेगळ्या भांड्यात काढावी.