मुलुंड ते बोरिवली : दुसऱ्या शनिवारचा प्रवास

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून प्रवासावर आजवर बरीच भाषणे झाली. कोणी बँकॉक पाहून आले, कोणी कोलंबो, एक सभासद तर मुलाकडे सिंगापूरला महिनाभर राहून आले. तेथील रस्ते, तेथील शिस्त, तेथील लोकांचे बोलणे यांबद्दल आम्ही पुष्कळ ऐकले. आम्हाला स्वतःला परदेशी जाण्याचा योग अद्याप आलेला नाही. तेव्हा कार्यवाहांनी ‘या वेळी तुम्हीही प्रवासावरच बोला’ असा आग्रह धरल्यावर आम्ही त्यांना म्हटले की, आशियातील एका अति गजबजलेल्या शहराविषयी आम्हीही सांगू शकतो. तेथे जायला पासपोर्ट लागत नाही, मुलुंड स्टेशनवर धिमी गाडी पकडली की काम होते. ते हसले. पण आमचा बेत गंभीर होता आणि त्याला कारणही तसेच घडले होते.

यंदा आपल्या वस्तीतील तीन विद्यार्थ्यांना, त्यात दोन मुली, अंधेरीच्या बाजूच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळत होता. मिळत होता असे म्हणतो, कारण घरचे तयार नव्हते. कारण एकच, गर्दी. ‘अंधेरी? त्या घाटकोपरच्या पुलावरून? रोज?’ एका मुलीच्या आईने तर प्रवेशाची फी भरण्याची शेवटची तारीख जाऊ द्यायची असे मनाशी ठरवून टाकले होते. आता गर्दी आहे हे खोटे नाही. परंतु ज्यांनी नको म्हटले त्यांच्यापैकी निम्म्यांनी तो मार्ग अलीकडे पाहिलेलाच नव्हता. म्हणून ठरवले की, आपण सगळ्यांनी पाहुण्यासारखे जायचे, पाहायचे, विचारायचे आणि वहीत टिपायचे. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, तो दिवस धरला. रविवार मुद्दाम टाळला, कारण रविवारी मेगाब्लॉक असतो आणि गर्दीही खरी नसते. आम्ही, आमच्या सौ., नऊ विद्यार्थी आणि चार पालक असे पंधरा जण निघालो.

थोडा भूगोल सांगतो. मुलुंड आणि बोरिवली ही दोन गावे एकाच जंगलाच्या दोन अंगांना वसलेली आहेत. मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. पक्ष्याला पलीकडे जायला फार वेळ लागत नसेल. माणसाला मात्र दक्षिणेला घाटकोपरपर्यंत उतरून, आडवे अंधेरीला जाऊन, पुन्हा उत्तरेला चढावे लागते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे काम आता सुरू झालेले आहे, सुमारे बारा किलोमीटरचा तो रस्ता उद्यानाच्या पोटातून जुळ्या बोगद्यांनी जाणार आहे. तो होईल तेव्हा होईल. आमच्या विद्यार्थ्यांचे महाविद्यालय यंदा आहे.

सकाळी आठ वाजून काही मिनिटांची गाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली आगगाडी गेली ती याच मुलुंडच्या शिवारातून गेली, हे आम्ही फलाटावर उभे असताना मुलांना सांगू लागलो, पण गाडी आली आणि सांगणे अर्धेच राहिले. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि पाचवे घाटकोपर. एवढ्या अवधीत एका मुलाने टिपले की, डब्यातील साधारण निम्मी माणसे मोबाइल पाहत होती, उरलेली डोळे मिटून उभी होती, आणि तरी विक्रोळी सुटताच सगळी एकदम दाराकडे वळली. कोणी सूचना दिली नाही. शरीरालाच स्टेशने पाठ झालेली असतात.

घाटकोपरला जे पाहिले त्यावर आम्ही जरा थांबणार आहोत, कारण दिवसभरात आम्हाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच वाटली. लोकल पुरती थांबण्याआधीच माणसे उड्या टाकत होती. आत शिरणारे बाहेर पडणाऱ्यांना वाट देत नव्हते. आमच्यातील एक पालक म्हणाले, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही, रक्तातच नाही.’ आम्ही गप्प राहिलो. जिना चढून, पूल ओलांडून, पिशव्या यंत्रातून काढून मेट्रोच्या फलाटावर पोहोचलो. तेथे तीच माणसे! लोकलमधून उडी मारलेला निळ्या शर्टाचा एक तरुण आमच्या मुलांनी बरोबर ओळखला. तो आता जमिनीवर आखलेल्या रेषेच्या मागे, रांगेत, शांतपणे उभा होता. फार तर दहा मिनिटांत त्याचे रक्त बदलले म्हणायचे काय?

बदलले होते ते एवढेच : येथे गाडीचे दार कोठे येणार हे ठाऊक आहे, दार बंद झाल्याखेरीज गाडी हलत नाही, आणि ही गेली तर तीन-चार मिनिटांत दुसरी येणार याची खात्री आहे. जेथे खात्री आहे तेथे माणूस रांग लावतो. जेथे ही गाडी चुकली तर लेट मार्क आणि पगार कापला जाण्याची भीती आहे, तेथे तो उडी मारतो. परदेशच्या शिस्तीचे कौतुक ऐकताना आम्हाला नेहमी हाच प्रश्न पडत असे. त्याचे उत्तर घाटकोपरच्या पुलावर मिळाले. बँकेतही आम्ही रोज पाहतो. टोकन दिले की लोक बाकावर बसतात, नाही दिले की काउंटरवर कोपराने ढकलतात. ग्राहक तेच असतात.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. अकरा किलोमीटरहून थोडी अधिक लांबी, बारा स्थानके, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला साधारण एकवीस मिनिटे. त्याआधी हेच अंतर कापताना बसमध्ये साकीनाक्याला किती वेळ जाईल याचा नेम नसे, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नको.

असल्फा आले की डाव्या-उजव्या बाजूला टेकड्यांवरची घरे दिसतात. २०१७ च्या अखेरीस येथील भिंती रंगवल्या गेल्या. पिवळा, निळा, गुलाबी. मुलांनी भराभर फोटो काढले. आमच्याबरोबर एक पालक होते, ते पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी फोटो काढला नाही. ते म्हणाले, ‘वर पाणी कसं चढतं ते बघा.’ आणि मग रंगांच्या मधून वर गेलेले पाइप, घरावरचे पिंप, कडेला ओळीने ठेवलेले हंडे आम्हाला दिसू लागले. टेकडीवर दाब कमी पडतो, पंप लावावा लागतो, आणि पाणी ज्या तासाला येते त्या तासाला घरातल्या बाईला झोप नसते. याच पट्ट्यात १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरमध्ये दरड कोसळली होती, आणि २६ जुलै २००५ च्या प्रलयात साकीनाक्याच्या खाडी नंबर तीनमध्ये. त्या २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका मुलीने वहीत लिहिले आहे : ‘रंग सुंदर आहे. भिंत कोणी बांधली आहे काय?’ तिला दरडीपुढची संरक्षक भिंत म्हणायची होती.

पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकावर उतरून, पुलावरून गुंदवली, आणि तेथून मेट्रो ७. जानेवारी २०२३ पासून ती थेट गुंदवलीपर्यंत येते. गाडीची चालक एक तरुण स्त्री होती. आमच्या मुलींनी ते पाहिले आणि थेट राष्ट्रीय उद्यान स्थानकापर्यंत त्यांच्यात दुसरा विषय नव्हता. आमच्या सांगण्यापेक्षा त्या एका दर्शनाचा परिणाम अधिक झाला, हे मान्य केले पाहिजे.

कान्हेरीबद्दल आपल्या सभासदांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तरी शहराच्या संदर्भात दोन गोष्टी सांगतो. कान्हेरीला आपण विजनवास समजतो. पण तेथील शिलालेखांत दाते म्हणून कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी येतात, सोनार येतात, भिक्षुणी येतात. शंभराहून अधिक लेणी अशा लहानमोठ्या दानांतून उभी राहिली. म्हणजे बंदराच्या गजबजाटापासून हे स्थान फार लांब नव्हते; येणाजाणाऱ्यांचा राबता होता. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात तर इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. (यावर एका मुलाने, मग आम्ही कोरले तर काय बिघडले, असे विचारले. त्याला हजार वर्षे थांबायला सांगितले.)

दुसरी गोष्ट त्याच चावीवाल्या काकांची. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत सात मीटर उंचीच्या दोन उभ्या बुद्धमूर्ती आहेत. सगळे तेथे वंदन करीत असताना काका मात्र बाहेर खडकावर उकिडवे बसले होते. ते खडकात कोरलेली पन्हळ बोटाने तपासत होते. पावसाचे पाणी कोणत्या उताराने येते, लेण्याच्या दारावरून ते कसे बाजूला वळवले आहे, पोढीच्या तोंडाशी कसे पोहोचते, हे त्यांनी मुलांना अर्धा तास समजावले. ‘प्रत्येक लेण्याला स्वतःची टाकी. वरच्याने खालच्याचं पाणी तोडलेलं नाही,’ असे ते म्हणाले. चौतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाचे हे प्रमाणपत्र होय. याच डोंगरांच्या कुशीत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, अनुक्रमे १८६० आणि १८७९ सालचे, हेही त्यांनीच सांगितले. आम्ही इतिहासाची पदवी घेतलेली असून कान्हेरीला अनेकदा गेलो आहोत, परंतु ती पन्हळ इतक्या बारकाईने कोणी दाखवली नव्हती.

परतीचा प्रवास आम्ही मुद्दाम लोकलने केला. कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ ला सुरू झाली, महिलांसाठीची स्वतंत्र गाडी ५ मे १९९२ ला, आणि देशातील पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ ला. तिन्ही बोरिवलीशी निगडित. सौ. आणि मुली महिलांच्या डब्यात गेल्या. तेथील हकिगत त्यांच्याकडून कळली ती अशी : शिरताच एकीने विचारले, ‘कुठे उतरणार?’ अंधेरी म्हटल्यावर तिने हातानेच दिशा दाखवली, कोणत्या बाजूला सरकायचे ती. तीन जणींच्या बाकावर चौथी बसली. एक मावशी मेथी निवडत होत्या. एका परिचारिकेला आमच्या मुलीने धीर करून विचारले, ‘ताई, किती वर्षं प्रवास करता?’ त्या म्हणाल्या, ‘बावीस.’ मग त्यांनी गाडी कांदिवली सोडून जोगेश्वरीला येईपर्यंत जे सांगितले ते आम्ही सर्व विद्यार्थ्यांसाठी येथे जसेच्या तसे देतो. पिशवी पुढे घ्यायची. दारात रेंगाळायचे नाही, आत शिरायचे, आतली बाई स्वतःहून वाट देते. आपले स्टेशन येण्याआधी एक स्टेशन उठायचे. आणि चुकली तर चुकू द्यायची, पळायचे नाही.

मुलांच्या डब्यात असा शिक्षक नव्हता. दारात पाच-सहा तरुण बाहेर झुकून उभे होते आणि आमच्यातील एकजण त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होता. त्याला आम्ही तेथे काही बोललो नाही. आज सर्वांसमोर, नाव न घेता, बोलतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अलीकडच्या वर्षांतही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली आहेत. त्यांतील पुष्कळ रूळ ओलांडताना, आणि बरीच गाडीतून पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या वळणावर शेजारून जाताना दारातली माणसे खाली पडली. ती हौसेने लटकलेली नव्हती, त्यांना आत जागा नव्हती. आत जागा असताना जो दारात उभा राहतो त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या वस्तीत शिकलेला मुलगा तयार व्हायला किती घरांची किती वर्षे लागतात हे आम्ही कर्जाचे अर्ज भरताना पाहतो.

अंधेरीला पुलावरून गोखले पूल दिसला. ३ जुलै २०१८ ला त्याच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्याची एक बाजू उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. ती जुळवून दोन्ही बाजू पूर्ण व्हायला मे २०२५ उजाडला. विद्यार्थ्यांपैकी एकाला स्थापत्यशास्त्र शिकायचे आहे. त्याने पुलाकडे बराच वेळ पाहिले आणि वहीत काय लिहिले ते दाखवले नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. मुलुंडच्या घरापासून अंधेरीच्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत सकाळी सव्वा तास, संध्याकाळी दीड. दिवसाचे पावणेतीन तास. हे कमी नाहीत, आणि ते कमी आहेत असे आम्ही पालकांना सांगितले नाही. त्यात एक तास तरी उभे राहून जाईल हेही सांगितले.

तिघांपैकी दोघांनी त्याच आठवड्यात फी भरली. तिसऱ्या मुलीची आई शेवटच्या तारखेपर्यंत गप्प होती. अखेर वडील म्हणाले, ‘पहिले दोन महिने मी सोडायला येतो.’ मुलगी म्हणाली, ‘या, पण घाटकोपरपर्यंतच.’ सध्या ते सकाळी तिच्याबरोबर घाटकोपरला जातात, मेट्रोच्या जिन्याखाली थांबतात आणि समोरच्या फलाटावरून परत फिरतात. दोन महिने केव्हाच संपले आहेत.

पुढचा प्रवास येत्या चौथ्या शनिवारी आहे, अंधेरीची महाकाली लेणी आणि मरोळचा परिसर. सकाळी पावणेआठला मुलुंड स्टेशन, पश्चिमेच्या तिकीट खिडकीजवळ. डबा घरून आणावा, वही-पेन आणावे. नावे कार्यालयात गुरुवारपर्यंत द्यावीत. चावीवाले काका येणार आहेत.

जयभीम.