मतपेटीपर्यंतची वाट
(पानिपतच्या काला अंब स्मारकाजवळ रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



दिल्लीची बैठक आटोपून आपण वाट वाकडी करून येथे आलो. १४ जानेवारी १७६१ रोजी या मैदानात काय झाले हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. टपाल खात्यातील साथींसाठी एकच आठवण सांगतो. येथील पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली ती एका सावकारी पत्रातून. ते पत्र मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक भाषेत लिहिलेले होते. वाटेत कोणी फोडले तरी मजकूर उमगू नये, ही त्यामागची काळजी. आपणा टपालवाल्यांचा तर जन्मच बंद लिफाफा सांभाळण्यात जातो. मत हाही तसाच बंद लिफाफा आहे, आणि आज आम्ही बोलणार आहोत ते तो फोडणाऱ्यांविषयी.

येथून रोहतकमार्गे शंभरएक किलोमीटरवर मेहम आहे. १९८९ च्या डिसेंबरात देवीलाल उपपंतप्रधान झाले आणि त्यांचे चिरंजीव ओमप्रकाश चौटाला हरियाणाचे मुख्यमंत्री. मुख्यमंत्र्यांना सहा महिन्यांत आमदार होणे भाग होते, म्हणून वडिलांनी मोकळी केलेली मेहमची जागा निवडली गेली. २७ फेब्रुवारी १९९० ला मतदान झाले. बूथ बळकावल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की आठ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. त्या फेरमतदानाच्या दिवशी गोळीबार झाला, माणसे मेली आणि अखेर निवडणूकच रद्द झाली. मे महिन्यात पुन्हा तयारी झाली, तर एका अपक्ष उमेदवाराचा खून झाला आणि तीही निवडणूक रद्द करावी लागली. विशेष म्हणजे बूथ बळकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारी दुरुस्ती लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ सालीच झाली होती. कायद्याची शाई वाळते न वाळते तोच हे घडले!

हे हरियाणातले, आपल्याकडे असे होत नाही, असे कोणी म्हणू नये. २० नोव्हेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील परळी मतदारसंघात, घाटनांदूरला, मतदान केंद्रात तोडफोड झाली. आणि नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींत तर मतपेटीपर्यंत जायची गरजच ठेवली नव्हती. पदांचे लिलाव झाले. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणुका रद्द केल्या. बिनविरोध म्हटले की गावात एकोपा आहे असे आपल्याला वाटते. लिलावात बोली लावायला ज्याच्याकडे पैसा नाही, त्याचे मत त्या दिवशी कोणी विचारले?

पण लाठी, बंदूक आणि बोली निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणारी दहशत आम्ही आमच्याच एका स्थानकावर पाहिली. फलाट झाडणाऱ्या कंत्राटी बायांना मुकादमाने मतदानाच्या आदल्या दिवशी सांगितले, "उद्या बोटाची शाई दाखवायला यायचं. आणि कुणाला दिलं ते सांगू नका, तुमच्या वस्तीच्या मशीनमधून किती निघाली ते आम्हाला कळतंच. कमी निघाली तर पुढच्या महिन्यात काम बघा." त्यांतली एक बाई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, मशीन चुगली करतं का हो?"

आम्ही तिला म्हटले, तुझे नाव मशीन सांगत नाही. ते खरेच आहे. पण मुकादमही पुरता खोटा नव्हता. मतपत्रिकांच्या काळात, जेथे मतदारांना धाक किंवा सूडाची भीती असेल तेथे, सर्व पेट्यांतील मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याचा नियम होता. मशीन आल्यावर मोजणी केंद्रवार होऊ लागली. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार. कोणत्या वस्तीने कोणाला किती मते दिली हे निकालाच्या तक्त्यात सरळ वाचता येते. यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने २००८ साली टोटलायझर नावाचे यंत्र सुचवले. चौदा मशीन जोडून त्यांची एकत्रित बेरीज दाखवणारे. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र ते स्वीकारले नाही. आमचे स्पष्ट मत आहे की ही मागणी संघटनांनी आपल्या सनदेत घेतली पाहिजे. बोनस आणि महागाई भत्त्याच्या मागणीशेजारी ती विचित्र दिसेल, दिसू द्या. ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे त्याला गुप्त मतदान म्हणजे चैन नव्हे.

आता आपल्याविषयी. आपल्यातील अनेकांना निवडणुकीचे काम लागते, सूक्ष्म निरीक्षक म्हणून बसावे लागते. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. मतदाराला धमकावून केंद्रावर येऊ न देणे हेसुद्धा कायद्याने बूथ बळकावणेच आहे. इतरांना त्यासाठी एक ते तीन वर्षे शिक्षा, सरकारी नोकराला तीन ते पाच. "आम्ही आत होतो, बाहेरचे आम्हाला काय ठाऊक" ही सबब चालवून घेऊ नका. अहवालात जे पाहिले ते वेळेसह लिहा. वरिष्ठांनी "कशाला वाढवता?" म्हटले तरी लिहा, आम्ही पाठीशी आहोत.

त्या बायांचे पुढे काय झाले ते सांगतो. रोजंदारीवाल्यांनाही मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क आहे, १९९६ पासून, कलम १३५-ब. आम्ही तो कागद मराठीत टाईप करून फलाटावर लावला. मतदानाच्या सकाळी आमच्यातले चौघेजण त्यांच्यासोबत केंद्राच्या रांगेपर्यंत गेलो. मत कोणाला, हे आम्ही विचारले नाही. शाई दाखवायला एकही बाई गेली नाही. त्यातल्या दोघींना पुढच्या महिन्यात कामावरून कमी केले. त्यांचे प्रकरण आम्ही लढवत आहोत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ज्या रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांना अत्यावश्यक सेवेतील अनुपस्थित मतदार म्हणून मान्यता मिळते, त्यांना टपाली मतदान करता येते. त्यासाठी नमुना १२-डी चा अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. पाच दिवस म्हणजे लोको पायलटच्या दोन फेऱ्या. आपल्या खात्याचे नाव यादीत आहे की नाही हे अधिसूचना निघताच शाखा सचिवांनी पाहावे, आणि कोरे अर्ज आतापासूनच कार्यालयात ठेवावेत.