सात फुटांचा बांध

कुरखेड्याच्या भातशेतीस तलावाचें पाणी म्हणजे काय, हें तेथील शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. आपलें पाणी दुसऱ्याकडे वाहून जाईल, ही धास्ती त्यास ओळखीची आहे.

हीच धास्ती इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील कालव्याच्या जुन्या कंपनीस पडली. इ. स. १७९१ मध्यें वूस्टरकडे जाणारा नवा कालवा मंजूर झाला, तेव्हां पाणी आणि गिऱ्हाईक दोन्ही जातील या भयानें तिनें अट घालविली : दोन्ही कालव्यांमध्यें सात फूट जमीन राहावी. १७९५ मध्यें नव्या कालव्याचा पहिला भाग सुरू झाला. नावा समोरासमोर येत. परंतु मजुरांनीं माल एकींतून उतरून बांधापलीकडील दुसरींत भरावा, असा क्रम वीस वर्षें चालला.

अखेर १८१५ च्या कायद्यान्वयें बांध फोडून नावेपुरता हौद केला व त्यास दारें बसविलीं. पाण्याची राखण राहिली आणि वाटही मोकळी झाली. १९४८ मध्यें दोन्ही कालवे सरकारच्या ताब्यांत गेले. बांध मात्र अद्याप उभा आहे.

दोन धन्यांच्या पाण्यामध्यें बांध खुशाल असावा. पण त्यास दार ठेवावें, आणि तें केव्हां उघडावें याचा करार आधींच लिहून ठेवावा.