नऊ जोड्या आणि एक खडा

कवीनं रेडिओवर गणितावर बोलायचं ठरवलं, हे ऐकून माझे मित्र हसले. त्यांचंही बरोबर आहे. मी बी.ए.ला मराठी घेतलं, त्यात गणित टाळणं हा एक हेतू होताच. पण काही महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरच्या पडद्यावर मला आमच्या दुकानातला एक जुना हिशेब भेटला. त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

कर्जत तालुक्यातलं कडाव हे आमचं गाव. भोवती भातखाचरं, वर डोंगराकडे ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या. गावात अब्बांचं किराणा दुकान होतं. अब्बा चौथी शिकलेले. पण पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. एकोणीसनं गुणायचं असलं की ते विसानं गुणत आणि त्यातून एक पट वजा करत. कागदाला हात लावायची गरजच पडत नसे.

मी सातवीत होतो. पावसाळ्यातल्या एका दुपारी वाडीवरची एक ठाकरीण मावशी तांदूळ न्यायला आली. अब्बा नमाजाला गेले होते, गल्ल्यावर मी. पोत्यात एकोणीस किलोच तांदूळ उरला होता, तो सगळा तिनं घेतला. भाव साडेतीन रुपये. मी ऐटीत अब्बांची युक्ती वापरली. औटकीनं विसाचे सत्तर झाले. ते कागदावर लिहिले, पैसे घेतले, आणि एक पट वजा करायची राहूनच गेली.

अब्बांनी परत आल्यावर कागद पाहिला. "साडेतीन रुपये तिचे आहेत. अंधार पडायच्या आत देऊन ये," एवढंच म्हणाले.

भिजत वाडीवर पोचलो. मावशीनं पैसे घेतले आणि ओट्यावर मांडलेले खडे दाखवले. घरी येऊन तिनं हिशेब करून पाहिला होता. दोन किलोचे सात रुपये, म्हणून खड्यांच्या जोड्या लावल्या. अशा नऊ जोड्या. सात-सात मोजत गेली, त्रेसष्ट झाले. वर एक खडा सुटा राहिला, त्याचे साडेतीन. एकूण साडेसहासष्ट. तिला अक्षर येत नव्हतं आणि उत्तर चोख होतं.

"मग मावशी, परत का नाही आलीस?"

"तू शिकलेला. कागदावर लिवलेलं व्हतं. म्हटलं, माजंच चुकलं असंल."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

आता पडद्याकडे येतो. माझा भाचा इंजिनिअर आहे. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला थेट कळत नाही. मध्ये एक भाषांतरकार लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. 'जीसीसी' नावाचा असा एक कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली पहिल्यांदा लोकांना दिला. तो आजही जगभर वापरला जातो. भाच्यानं एक ओळ लिहिली : 'या संख्येला १९ नं गुण.' मग म्हणाला, "मामू, आता याचं भाषांतर बघा."

भाषांतरात गुणाकार नव्हताच! दोनच सूचना होत्या. पहिली : संख्येत तिचीच आठपट मिळव, म्हणजे नऊपट झाली. दुसरी : त्या नऊपटीची दुप्पट करून मूळ संख्येत मिळव. अठरा आणि एक, एकोणीस. मी बघतच राहिलो. नऊ जोड्या आणि एक खडा!

यंत्र असं का करतं? आपण एखाद्या संख्येपुढे शून्य दिलं की ती दसपट होते. त्याला गुणाकार करावा लागत नाही. कॉम्प्युटरचे आकडे फक्त शून्य आणि एकचे, म्हणून तिथे एक शून्य दिलं की दुप्पट, दोन दिली की चौपट, तीन दिली की आठपट. हे अंक सरकवणं फार स्वस्त, आणि बेरीजही स्वस्त. १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरला सोळा अंकी गुणाकाराला ११८ ते १३३ ठोके लागत, साध्या बेरजेला तीन. इंटेलच्या आजच्या प्रोसेसरांत गुणाकार साधारण तीन ठोक्यांवर आलाय आणि बेरीज एकावर. म्हणून कंपायलर आधी तोलून बघतो. दोन-तीन पावलांत काम होत असेल तर आडवाट धरतो, नाहीतर मुकाट्यानं गुणाकार करतो. सातनं गुणायचं असेल तर तो आठपट करून एक पट वजा करतो. ही तर थेट आमच्या अब्बांची रीत! एकाच संख्येची पाचपट आणि तीनपट यांची बेरीज सांगितली, तर दोन गुणाकार न करता एकदाच आठपट करतो. सहा गुणिले सात लिहिलं असेल तर भाषांतर करतानाच बेचाळीस लिहून टाकतो. प्रोग्रॅम चालताना तो हिशेब पुन्हा होतच नाही.

पण ही हुशारी नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त १३५ गुणिले १२ हे उदाहरण आहे आणि त्याच्या अनेक वाटा आहेत. बाराचे आठ आणि चार करा. किंवा तिनानं गुणून मग चारानं गुणा. किंवा विसानं गुणून आठपट वजा करा. कोणत्याही वाटेनं गेलात तरी १६२०. भाच्याकडून मी मुद्दाम १९ च्या जागी १२ लिहून घेतले. कंपायलरनं आधी तिप्पट केली, मग दोन शून्यं देऊन चौपट. मला आणखी एका गोष्टीचा आनंद झाला. अकबराच्या सांगण्यावरून १५८७ साली या 'लीलावती'चं फारसी भाषांतर करणारा फैजी हा कवी होता. म्हणजे गणिताच्या अंगणात पाय टाकणारा कवी मी काही पहिला नव्हे.

भाषांतरकाराला वाट बदलायची मोकळीक आहे, अर्थ बदलायची नाही. कंपायलरचा कायदा हाच. पूर्णांकांचे गट कसेही पाडून बेरीज केली तरी उत्तर तेच येतं, म्हणून तिथे तो मनमोकळेपणानं वागतो. दशांश अपूर्णांकांचं तसं नाही. कॉम्प्युटर त्यांचे ठरावीक अंकच ठेवतो, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक हलू शकतो. म्हणून कुणी मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय जीसीसी तिथे क्रमाला हात लावत नाही. पैशांचे व्यवहार करणारे कितीतरी प्रोग्रॅम रुपयांऐवजी पैसे मोजतात, तेही याचसाठी. साडेतीन रुपये म्हणजे ३५० पैसे; चक्क पूर्णांक.

भाच्याला मी विचारलं, "मग तुम्हीच का नाही नऊपट, दुप्पट असं लिहीत?" तो म्हणाला, "एकोणीस लिहिलं की पुढच्या वाचणाऱ्याला एकोणीस कळतं. आडवाटा कंपायलरवर सोडायच्या." कवितेतही हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

आता रेशनच्या दुकानातही यंत्रातून पावती निघते. ती हातात घेऊन निघणाऱ्या माणसाला हिशेबाबद्दल शंका आली तरी तो बहुधा म्हणेल, यंत्र आहे, माझंच चुकलं असेल. खडे मांडून आलेलं उत्तर आणि पावतीवरचं उत्तर एकच असायला हवं. युक्ती कितीही झटपट असली तरी तिला यातून सुटका नाही.

त्या दिवसानंतर मी गल्ल्यावर बसलो की अब्बा दुकान बंद करताना एकच प्रश्न विचारत. पैसे किती जमले, हा नव्हे. ते विचारत, "वजा केलंस ना?"