जंतू तोच, औषध तेच नाही

मी धाराशिवचा, काम सॉफ्टवेअरचं. कोडमध्ये एक अक्षर बदललं की प्रोग्राम वेगळाच वागतो. टीबीच्या जंतूचंही तसंच आहे. त्याच्या आरपीओबी जनुकात 81 अक्षरांचा एक तुकडा आहे. त्यात बदल झाला, तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध बहुधा लागू पडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जंतू सारखेच दिसतात. कल्चरला आठवडे लागतात. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र जनुकच तपासतं आणि काही तासांत उत्तर देतं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याची शिफारस केली.

लोक काय म्हणतील म्हणून आम्ही चाचांचा खोकला महिनोन्‌महिने लपवला. तुम्ही लपवू नका. दोन आठवडे खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात जा. तपासणी मोफत आहे. आणि ‘टीबी आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘औषध कोणतं लागू पडेल?’ हेही विचारा.