खुजेपणाचें मूळ

मुलाची उंची हा केवळ वंशाचा वारसा आहे, असें सुशिक्षित घरांतूनही सहज बोललें जातें. पांच वर्षांखालील बालकांपुरतें तरी हें मत टिकत नाहीं. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांत जागतिक आरोग्य संघटनेनें बालकांची मोजमापें घेतलीं. पुरेसा आहार व निरोगी परिस्थिति लाभलेलीं तेथील बालकें जवळजवळ सारखींच वाढतात, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील शंभरांपैकीं सुमारें ३५ बालकें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं.

याचें एक मोठें कारण घरच्या कणगींत आहे. मेळघाटासारख्या भागांत आषाढ-श्रावणांत धान्य सरत येतें, मजुरी दुर्मिळ होते व रोगराई वाढते. भाकरीनें पोट भरलें तरी डाळ, दूध, अंडें पानांत येत नाहीं. त्यांतच गृहिणी सर्वांच्या मागून जेवते. अर्थात् गर्भांतील बालकाचा वांटाही शेवटचाच. गर्भधारणेपासून सुमारें एक हजार दिवसांत खुंटलेली वाढ पुढें क्वचितच पुरती भरून निघते. आदिवासी भागांतील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्याची शासनाची २०१५ ची योजना याच विचारावर उभी आहे.

शहरांतही घरकामास येणाऱ्या बाईचें मूल लहानखुरें दिसल्यास, ‘अंगकाठीच तशी’ म्हणण्यापूर्वीं तिच्या घरीं महिनाअखेर धान्य पुरतें काय, हें आस्थेनें विचारलें जावें.