किल्ली कोणाकडे?

(मराठी रंगभूमी दिनानिमित्त रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



आज ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. ठिकठिकाणी नटराजाचं पूजन झालं असेल, ज्येष्ठ रंगकर्मींचे सत्कार झाले असतील आणि एखाद्या तरी व्यासपीठावरून ‘आपल्या गावाला सुसज्ज नाट्यगृह हवं’ अशी मागणी झाली असेल. मागणी रास्तच आहे. मला मात्र आज बोलायचं आहे ते त्या मागणीच्या निवेदनात कधी न येणाऱ्या एका खोलीबद्दल, तालमीच्या खोलीबद्दल.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सांगलीत नाट्यगृह नव्हतं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि आपल्या पदरच्या भाव्यांना, असं काही मराठीत करा, म्हणून सांगितलं. भाव्यांनी माणसं जमवली, पदं रचली, सोंगं शिकवली. नाट्यगृहं फार नंतर आली. हल्ली आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे. आधी भूमिपूजन, मग काही वर्षं काम रखडणार, मग निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईनं उद्घाटन आणि त्यानंतर कोणीतरी विचारणार, आता इथे करायचं काय?

एका तालुक्याच्या गावचं सांस्कृतिक भवन मी पाहिलं आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत आणि सगळा बोल एकट्या त्या गावानं का घ्यावा? बाहेरून इमारत देखणी. आत मऊ खुर्च्या, मखमली पडदा. रंगमंचाच्या मागचं दार मात्र जेमतेम तीन फुटी. नेपथ्याचे फ्लॅट त्यातून आत जात नाहीत. मग ट्रक दर्शनी दारात लावायचा आणि सगळं सामान खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, डोक्यावर घेऊन स्टेजवर चढवायचं. दिवे टांगायला बार आहेत, पण जुन्या पद्धतीचे १००० वॅटचे १२ दिवे लावले की १२ किलोवॅटचा भार होतो आणि तो तिथल्या वायरिंगला पेलत नाही. रंगपटात भिंतभर आरसा आहे, नळ नाही. तोंडाचा रंग धुवायला नट बाहेरच्या बेसिनपाशी, प्रेक्षकांच्या रांगेत उभा. दारातल्या कोनशिलेवर जितकी नावं आहेत तितके नाटकाचे प्रयोग तिथे वर्षभरात होत नाहीत. आणि त्याच गावातला हौशी संघ राज्य नाट्य स्पर्धेची तालीम करतो शाळेच्या व्हरांड्यात, कारण भवनाचं एका दिवसाचं भाडं भरायचं तर नाटकाचा सगळा खर्च तिथेच संपायचा.

हे असं का होतं? ज्यांनी तिथे उभं राहायचं त्यांना बांधताना कोणी विचारत नाही म्हणून. विचारलं की काय होतं, तेही आपण पाहिलेलं आहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचं काम चालू असताना पु. ल. देशपांडे त्यात जातीनं लक्ष घालत होते. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. जून १९६८ मध्ये ते खुलं झालं तेव्हा बालगंधर्व हयात नव्हते. पुढे त्या वास्तूची देखभाल कशी झाली हा वेगळा आणि कडू विषय आहे, तो आज नको.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर पूर्ण केलं आणि शेजारीच कुस्तीसाठी खासबागेचं मैदान. नाटक आणि कुस्ती एका आवारात. ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. खासबागेत कुस्ती बघायला आलेल्या माणसाला नाटकाचं दार परकं वाटत नव्हतं. पुढे त्याच थिएटरला गायक नट केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत जळलं. दुसऱ्या दिवशी तिथे जमलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती सगळी काही नामांकित नटमंडळी नव्हती. कोणी शाळेत असताना तिथे बालनाट्यात झाड झालेलं, कोणी पडदा ओढलेला, कोणाच्या मुलीचं पहिलं नृत्य तिथे झालेलं. गावाचं कलाकेंद्र ओळखायची खूण हीच. नुसतं तिकीट काढून बघून गेलेला माणूस इमारतीसाठी हळहळतो. तिथे घाम गाळलेल्या माणसाला ते आपल्या घरचं वाटतं.

आता दादरला या. १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे या मंडळींनी ‘आविष्कार’ ही संस्था काढली. १९७४ पासून त्यांचे प्रयोग सुरू झाले छबिलदास शाळेच्या सभागृहात. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. तिथे ना उंच रंगमंच, ना मखमली पडदा. शाळेचा हॉल तो. प्रेक्षक नटाच्या इतके जवळ की नटाचा श्वास ऐकू यावा. पुढे ‘छबिलदास चळवळ’ म्हणून ज्याचा अभ्यास झाला, ते सगळं संध्याकाळी शाळा सुटल्यावर रिकाम्या राहणाऱ्या एका हॉलमध्ये घडलं. शाळेनं हॉल दिला, हे त्या चळवळीचं अर्धं भांडवल. सरकारी अनुदान, आधुनिक ध्वनियंत्रणा, वातानुकूलन, यातलं काहीही त्या अर्ध्या भांडवलाची जागा घेऊ शकलं नसतं.

मुंबईत जमलं, आमच्या गावात कसं जमेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणून तुम्हाला हेग्गोडूला नेतो. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात हे खेडं आहे. सुपारीच्या बागा, कौलारू घरं, सह्याद्रीतला धो धो पाऊस. तिथल्या काही बागायतदारांनी १९४९ साली गावदेवाच्या नावानं नाटकमंडळी काढली, नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ. त्याचंच आद्याक्षरी नाव ‘नीनासम’. के. व्ही. सुब्बण्णा हे त्यातलं प्रमुख नाव. शिकून परत गावी आलेले, स्वतः सुपारीचे बागायतदार. पहिली कित्येक वर्षं ही मंडळी आपल्या आवडीची नाटकं आपल्याच गावात करत राहिली. मग स्वतःचं नाट्यगृह बांधलं, त्याला कन्नड साहित्यिक शिवराम कारंतांचं नाव दिलं. फिल्म सोसायटी काढली आणि सत्यजित राय, कुरोसावा यांचे चित्रपट खेड्यातल्या माणसांना दाखवले. ‘खेडुतांना हे कळेल का’ असं शहरातल्या लोकांनी विचारलंच. पण खेडुतांनी चित्रपट पाहिले आणि त्यावर वादही घातले. १९८० मध्ये नाट्यशिक्षणाची संस्था सुरू झाली, १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ हे फिरतं नाट्यपथक, जे नवी नाटकं बसवून कर्नाटकभर फिरतं. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या हकिगतीत माझं लक्ष पुरस्काराकडे नाही. लक्ष आहे ते सालांकडे. १९४९ ते १९८०. नाट्यशाळा काढण्याआधी हे गाव तीस वर्षं नाटक करत होतं. त्यामुळे शाळा निघाली तेव्हा गावाला ती बाहेरून आल्यासारखी वाटली नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगाला शेजारचा बागायतदार येऊन बसतो आणि न आवडलं तर तोंडावर सांगतो. आपल्याकडच्या कुठल्याही कलाकेंद्राला मी हाच प्रश्न विचारीन, की इथे न आवडलेलं तोंडावर सांगणारा शेजारी आहे का?

आपल्याकडे नाटक करणारी आणि बघणारी माणसं कमी आहेत असं समजू नका. पूर्व विदर्भात, वडसा-देसाईगंजच्या बाजूला झाडीपट्टीत धान निघालं की रात्र रात्र नाटकं चालतात, मंडपात, उघड्या मैदानावर. सिंधुदुर्गात जत्रेला दशावतार उभा राहतोच. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावातलीच माणसं नाटक करतात. हौस आहे, प्रेक्षक आहे. वर्षातले जे महिने जत्रेचे आणि उत्सवाचे नाहीत त्या महिन्यांत या हौसेला बसायला जागा नाही, एवढीच अडचण आहे.

आणि जागा तर बहुतेक गावांत आहे! समाजमंदिर म्हणा, सभामंडप म्हणा, बहुउद्देशीय सभागृह म्हणा. पत्र्याचं किंवा स्लॅबचं, एका बाजूला ओटा, दोन पंखे. दाराला कुलूप. आत डोकावलं तर सिमेंटच्या गोण्या, मंडपवाल्याच्या खुर्च्या, गेल्या गणपतीची आरास. किल्ली कोणाकडे आहे विचारा. शिपायाकडे, शिपाई रजेवर. नाहीतर एखाद्या माजी सदस्याच्या घरी, आणि ते परगावी. कलाकेंद्र उभारायचं म्हणजे पहिल्यांदा ही किल्ली सोडवायची. पैशाचं आणि वास्तुरचनाकाराचं नंतर बघू.

किल्ली हाती आली की त्या खोलीचा दिवस कसा लावायचा ते बघा. सकाळी संगीताचा वर्ग. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी मुलं आपल्या लहान गावांतही आहेत. पेटी आणि तबला मात्र दरवेळी कोणाच्या तरी घरून वाहून आणावा लागतो. एक बंद होणारं कपाट असलं तर वाद्यं तिथेच राहतील. दुपारी दोन ते चार महिलांचं भजनी मंडळ, कारण त्यांना तीच वेळ मोकळी असते. शाळा सुटल्यावर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेची मुलं. त्यांना स्थिरचित्र मांडायला टेबल आणि उत्तरेकडून येणारा उजेड हवा, बाकी काही नको. रात्री आठनंतर नाटकाची तालीम, ढोल-ताशा मात्र बाहेर मैदानात. नृत्याची मुलं असतील तर शहाबादी फरशीवर निदान जाड जाजम टाका, नाहीतर वर्षभरात टाचा बोलायला लागतील. आणि बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. हे नसेल तर सातच्या पुढे मुली तालमीला येणार नाहीत आणि मग आपण म्हणणार, हल्ली स्त्रीपात्रं मिळत नाहीत.

संस्थेची नोंदणी करावी, जरूर करावी. सात माणसं जमली की १८६० च्या कायद्याखाली सोसायटी होते आणि धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदही. देणग्या घ्यायच्या तर हिशेब चोख हवा. माझा आग्रह इतकाच, की वर्षभर आधी खोली चालवून बघा. कोण रोज येतं, कोण झाडू मारतं, विजेचं बिल कोण आठवणीनं भरतं हे कळलं की कार्यकारिणी आपोआप ठरते. आधी अध्यक्ष निवडला की त्याची खुर्ची कुठे ठेवायची यातच पहिला महिना जातो.

भाडं? स्थानिक मंडळींना तालमीसाठी नाममात्र, लग्नाला आणि वाढदिवसाला पूर्ण. पण लग्नसराई आली की तालीम उठवायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा. उत्पन्नाच्या लोभानं बंद पडलेली केंद्रं मी पाहिली आहेत. सहा महिन्यांत ती मंगल कार्यालयं होतात.

नाट्यगृहाची मागणी सोडा असं मी म्हणत नाही. वीस-पंचवीस माणसं रोज तालमीला येऊ लागली की त्या मागणीला वजन येतं. तेव्हा नकाशा घेऊन येणाऱ्या अभियंत्याला तुमच्यातलाच एखादा नेपथ्यवाला सांगू शकेल, की साहेब, मागचं दार आठ फुटी ठेवा.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. शहरात असाल तर प्रभागाच्या नगरसेवकाचं कार्यालय आहे. तिथे जा आणि विचारा, आपल्या समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे, आणि संध्याकाळी सहा ते दहा ती आमच्याकडे का असू नये? उत्तर लेखी घ्या.